हरळीचं बी

हरळीचं बी विकत मिळतं हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं, आणि ज्याच्याकडून कळलं त्या माणसाला मी सत्तेचाळीस वर्षं विसरले नव्हते. लेकीच्या, वैष्णवीच्या लग्नाचा मांडव आमच्या मंचरच्या घरापुढच्या लॉनवर आठ दिवस उभा होता. खाली जाड चटया, त्यावर तीनशे माणसांचे पाय, कोपऱ्यात आचाऱ्याच्या भट्ट्या. मांडववाले सामान घेऊन गेले तेव्हा खाली गवत उरलंच नव्हतं. पिवळा, चिकट, आंबूस वासाचा एक थर होता आणि भट्ट्यांच्या जागी तीन काळी वर्तुळं. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला ते बघून दुसरं काय आठवणार? महिनोन्‌महिने एका कुशीवर पडून राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठी आठवल्या. तसल्या पाठी मी बऱ्या केलेल्या आहेत. तेव्हा हे लॉनही बरं करायचं असं ठरवलं आणि हायवेच्या कडेला जी नर्सरी आहे तिथं फोन लावला. आई ओट्यावर बसून ऐकत होती. "गवतासाठी फोन?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे की तसंच. पावसाळ्यात यील आपोआप. गवताला कुनी आवतान देतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या टेम्पोतून पंचावन्नच्या आसपासचा एक माणूस उतरला. अंगात टी-शर्ट, गळ्यात पंचा, कानात ते वायरीशिवायचं यंत्र. "लॉन पार गेलं की वो ताई," असं म्हणून तो वर्तुळाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. उजवा हात मागे कमरेवर, पंजा उलटा, कोपर बाहेर, मान जराशी डावीकडे कललेली. बांधावर असाच उभा राहायचा रानाचा मालक सयाजी, आमच्या आया खाली वाकलेल्या असताना. पण सयाजीला जाऊन वीस वर्षं झाली होती. म्हणजे ही मान वारशाने आलेली होती. घरं, विहिरी, बांध वाटून घेतात तशी मानही कोणाच्या तरी वाट्याला येतच असणार. तो वळला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "गाव कंचं ताई तुमचं?" लोणीच्या अलीकडच्या वाडीचं नाव मी सांगितलं. "आता बगा, म्हंजी आपलंच की. मी सयाजीचा अमृत. तुमी कुनाच्या?" मी सासरचं आडनाव सांगितलं. त्यावरून वाडीतल्या कोणाला काही उमगलं नसतं. पण माझ्यामागे दार उघडं होतं आणि दारातून भिंतीवरचे बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो दिसत होते. त्याची नजर तिकडे गेली, क्षणभर टेकली आणि परत आली. "आसं व्हय," तो म्हणाला. हे "असं होय" मी आयुष्यभर ऐकत आले आहे. त्यात वाईट काहीच नसतं. फक्त माणूस आतल्या आत एक पाऊल मागे सरकून उभा राहतो. मग त्याने खिशातून बियांची पुडी काढून माझ्या तळहातावर चिमूटभर ओतली. खसखशीपेक्षा बारीक, हिरवट रंग फासलेलं बी. "बर्म्युडा," तो म्हणाला. म्हणजे काय, असं मी विचारलं. "म्हंजी हरळीच वो. भायेरच्या देशातलं बी हाय. आपली हरळी आडदांड, ही जरा शिकल्याली."

ओट्यावर आई हसली. असं की मी वळून बघितलं. एक्क्याऐंशी वर्षांची माझी आई, जानकाबाई, हल्ली हसते तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. पण त्या दिवशी आवाज आला. "हरळी पेरायची?" ती म्हणाली. "पैकं दिऊन?" आणि पुन्हा हसली. अमृतही हसला. मला हसू आलं नाही. त्या हसण्यात काय होतं ते त्याला कुठून कळणार? हरळी पेरायची नसते, काढायची असते. आणि ती काढायला आमचा जन्म गेला होता. फाल्गुन-चैत्रात रानं तापली की सयाजीच्या रानात बायांची ओळ लागायची. कुदळीने ढेकूळ उलटं करायचं, मग बोटांनी हरळीची मुळी धरून शिरेसारखी ओढत न्यायची, ती जाईल तिकडे आपणही गुडघ्यांवर सरकायचं. कांडीभर तुकडा राहिला तरी पुढल्या पावसात दहा ठिकाणी फुटतो. इतर बाया ओढायच्या, मुळी तुटायची, वरून माती सारायची, मोकळ्या. माझी आई तुटलेल्या मुळीमागे हातभर खोल जायची. तिने काढलेल्या वाफ्यात दोन वर्षं हरळी दिसत नाही असं आसपासच्या गावांतही बोलायचे. त्याचं तिला काय मिळालं? अवघड वाफा दर वेळी तिच्या वाट्याला आला. संध्याकाळी तिच्या नखांच्या मुळांत माती इतकी आत गेलेली असायची की ती माझ्या केसांतून हात फिरवायची नाही, टोचेल म्हणून. तीच हरळी ओझरला विघ्नहरापुढे एकवीस काड्यांची जुडी बांधून ठेवतात तेव्हा तिची दूर्वा होते. आणि बंगल्यापुढे लॉन. आम्ही मात्र तिला जिथं ती कोणालाच नको होती तिथं भेटलो.

तो दिवस सांगायचा तर उन्हापासून सुरुवात करावी लागेल, कारण दुपारपर्यंत त्यात दुसरं काही नव्हतं. मी अकरा वर्षांची. परीक्षा संपलेली, म्हणून आईबरोबर कामाला. बाप, भागुजी, डिंभ्याच्या धरणाच्या कामावर होता. आठवड्यातून एकदा यायचा, आणि यायचा तेव्हा शिकवण देऊन जायचा. माझं नाव प्रज्ञा त्याने ठेवलं. वाडीत ते कोणाला उच्चारता यायचं नाही, तरी बदललं नाही. त्याने मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. शाळा सोडायची नाही, आणि कोणी वरून ओतलेलं पाणी प्यायचं नाही. "तान लागून जीव गेला तरी न्हाई," असं तो म्हणायचा. धरणावर सगळे मजूर एका टाकीला तोंड लावायचे, तेव्हा त्याला ते म्हणणं परवडत होतं. रानात टाकी नव्हती. दुपारी सयाजीची बायको, साळुबाई, घागर आणि तांब्या घेऊन बांधावर यायची. आमच्यापैकी कोणी घागरीला हात लावायचा नाही, तांब्याला तर नाहीच. खाली बसून ओंजळ तोंडाशी धरायची आणि वरून धार यायची. त्या दिवशी साळुबाईबरोबर तिचा लाडका अमृत होता, आठ वर्षांचा, पायात चप्पल असलेला. "मी वततो, मी वततो," म्हणून त्याने तांब्या घेतला. आई पहिली बसली. बांध आधीच गुडघाभर उंच, त्यावर तो उभा. धार आईच्या ओंजळीत पडायला लागली तसा त्याने तांब्या वर नेला. धार बारीक झाली, हलायला लागली. आईने ओंजळ सरकवली. त्याने आणखी वर नेला, टाचा उचलल्या, धार डावीकडे नेली, उजवीकडे नेली. आई त्या धारेमागे ओंजळ घेऊन फिरत होती. तोंड वर, डोळे मिटलेले, पाणी गालावर, गळ्यावर, चोळीवर. साळुबाई हसत होती. "पुरं रं लाडोबा, त्या बायला पिऊ दी की." बायाही हसल्या, दोन-तीन. आई उठली, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, बस. मी बसले नाही. उन्हं कलेपर्यंत, घरी जाऊन आमच्या मडक्यातलं पाणी पिईपर्यंत मी पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि बाप आला तेव्हा त्याला हे अभिमानाने सांगितलं. त्याने माझ्या पाठीवर थाप दिली. आई चुलीपुढे होती.

मग मी शिकले, नर्स झाले, गाव सुटलं. पण ती धार माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. मी औषधं दिलेली आहेत, मला माहीत आहे कुठलं औषध काय करतं. काळाने फक्त तांब्या उंच उंच नेला. दर काही वर्षांनी मला तो आठवायचा आणि दर वेळी तो मुलगा आणखी टाचा उचललेला असायचा. मी त्याच्यासाठी शिक्षा योजायची. ड्यूटीवर ड्रिप लावता लावता, एस. टी. त उभं राहून, लेकीला पाजताना, देवाशप्पथ खरं सांगते, आणि देव मी मानत नाही. शिक्षा मोठी नव्हती. त्याचं घर जळावं, मुलंबाळं मरावीत असलं मला काही नको होतं. मला इतकंच हवं होतं की त्याने खाली बसावं, ओंजळ धरावी आणि मी वर असावं. एकदा संधी अर्धी येऊन गेलीसुद्धा. चौदा वर्षांपूर्वी साळुबाईच माझ्या वॉर्डात आली, खुबा मोडून. मला तिने ओळखलं नाही. दुपारच्या वेळी म्हणाली, "पोरी, पानी दी गं." मी फीडिंग कप भरला आणि तिच्या उशाशी उभी राहिले. तिचं तोंड उघडं होतं, जीभ पांढरी पडलेली. मी कप धरून तशीच उभी राहिले. घड्याळात दोन मिनिटं गेली हे मला माहीत आहे, कारण नाडी मोजायची सवय असलेल्या माणसाला ते कळतं. मग पाजलं. मान उचलून, हनुवटीखाली टॉवेल धरून, एक थेंब सांडू न देता. युनिफॉर्म अंगावर असताना सूड घेता येत नाही, तो कापूसच तसला असावा. "कुनाची गं तू?" तिने माझा हात धरून विचारलं. "सरकारची," मी म्हटलं आणि पुढच्या कॉटकडे गेले. आता मी निवृत्त आहे. आता अंगावर साधं सुती पातळ असतं.

म्हणून अमृत जेव्हा म्हणाला की आधी कडेनं आणि मातीत उरलेली इथली गावठी हरळी आणि लव्हाळा मारायला औषध फवारू, पंधरा दिवसांत सगळं जळेल, मग माती खरवडून नवं बी टाकू, तेव्हा मी म्हटलं, औषध नको. आईला दम्याचा त्रास आहे. आईने ओट्यावरून माझ्याकडे बघितलं. तिला आयुष्यात कधी दमा झालेला नाही. "हाताने काढा," मी म्हटलं. "मुळासकट. आणि माणसं पाठवू नका, आमच्याकडे परकी माणसं आलेली तिला चालत नाहीत. तुम्ही स्वतः करत असाल तर काम तुमचं." त्याने डोकं खाजवलं. गडी तसाही लग्नसराईत मिळत नव्हता, त्याचाही एकच गडी चार दिवस गावी गेला होता. "करू की ताई. आपलंच गाव म्हनल्यावर," तो म्हणाला. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. सयाजीचा पोरगा गुडघ्यांवर बसून हरळी काढायला इतक्या सहज तयार होईल असं माझ्या कुठल्याही योजनेत नव्हतं. आधीच थोडीशी चव गेल्यासारखं झालं. तरी संध्याकाळी मी माळ्यावरचा तांब्याचा तांब्या उतरवला, चिंचेने घासला, भरून पायरीवर ठेवला आणि एकेका पायरीवर उभी राहून बघितलं. तिसऱ्या पायरीवरून अंदाजे बांधाइतकी उंची येत होती. "काय करतीस?" आईने विचारलं. "पाय मोकळे करते," मी म्हटलं.

मंगळवारी आठ वाजता तो आला. मी शेवग्याखाली खुर्ची टाकली, कारण सयाजी जांभळाखाली बसायचा. तो खुरपं आणि कुदळ घेऊन वाकला. मी बसून बघत होते. सकाळची पहिली घटका मला जे सुख झालं ते मी नाकारणार नाही. टी-शर्ट वर सरकून त्याची कंबर दिसत होती, गुडघ्यांना माती, नाकाच्या टोकावर घाम. "तिथं राहिलं," मी म्हणायची. "कुटं?" "त्या विटेपाशी. मुळी तुटली तुमची." तो मागे सरकून तुटलेली मुळी शोधायचा. "इथंही राहिलं." तो तिथंही जायचा. खरं तर काही ठिकाणी राहिलं नव्हतं, मी उगाच बोट दाखवत होते. बांधावरून सयाजी असंच दाखवायचा, हे मला आता समजत होतं. तेव्हा वाटायचं त्याची नजर फार तीक्ष्ण आहे. तासाभराने अमृत काम करता करता गुणगुणायला लागला. माझं सुख तिथून उतरायला लागलं. माणूस अपमानात गुणगुणत नाही. मी खुर्ची त्याच्या जवळ ओढली, पुन्हा दोन जागा दाखवल्या. त्याने मान डोलावली. "तुमची नजर लई बारीक हाय ताई. आसं गिऱ्हाईक पायजे. लोकं नुसतं हिरवं दिसलं की खुश." तो माझं कौतुक करत होता. त्याच्या बोलण्यातून कळलं की वाटण्या झाल्या, त्याच्या वाट्याचं बरंचसं रान नव्या रस्त्यात गेलं, उरलेल्यात नर्सरी टाकली, आणि आता गुंठ्यागुंठ्याच्या लोकांच्या अंगणात गवत लावत हिंडतो. हे सगळं तो असं सांगत होता की जणू त्याचं कोणी काही नेलंच नाही. मला त्याचा या गोष्टीसाठी वेगळा राग आला. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मध्येच हात थांबवून त्याच्या खुरप्याकडे बघायची, जीभ टाळ्याला लावून चुकचुकायची आणि पुन्हा निवडायला लागायची.

साडेबाराला ऊन डोक्यावर आलं. हरळीचा ढीग भिंतीशी लागला होता, काळी वर्तुळं खणून टाकली होती, आणि अमृतने दाताळ्याने माती ओढून त्यात शेणखत मिसळलं होतं. त्याने कंबर सरळ केली आणि माझ्याकडे बघितलं. "पाणी हवंय का?" मी विचारलं. आवाज नीट आला. "द्या की," तो म्हणाला. मी आत गेले, तांब्या भरला. माठातल्या पाण्याने तो बाहेरून लगेच घामेजला. स्वयंपाकघरात ओट्यावर काचेचे सहा ग्लास पालथे होते, तिकडे मी बघितलं नाही. सत्तेचाळीस वर्षं मी ठरवत आले होते की तो ग्लास मागेल आणि मी म्हणेन, ग्लास नाही. खाली बसा, ओंजळ धरा. तो चमकून वर बघेल. त्या बघण्यासाठी मी जगले असं नाही, पण त्या बघण्याची एक जागा मी माझ्यात रिकामी ठेवली होती. मी दारात आले. तिसऱ्या पायरीवर उभी राहिले. तो पायरीशी आला, माझ्या हातातला तांब्या बघितला, आपल्या हातांकडे बघितलं, कोपरापर्यंत माती आणि शेणखत. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटण्याआधी तोच खाली बसला, उकिडवा. ओंजळ धरली. "वरनंच वता ताई," तो म्हणाला. "हात लई घान हायती. तुमचं भांडं कशाला बाटवू?"

हाच शब्द वापरला त्याने, बाटवू. इतका सहज की शब्दाला काही वास आहे हे त्याच्या नाकाला कळतच नव्हतं. मी ओतायला लागले. माझा हात आपोआप वर गेला. ठरवलंच होतं तसं मी तांब्या खांद्यापर्यंत नेला, मग डोक्याच्या वर, टाचा उचलल्या. धार बारीक झाली, हलायला लागली. मी ती डावीकडे नेली. तो ओंजळ घेऊन तिच्यामागे गेला नाही. त्याने ओंजळ सोडून दिली आणि मान पुढे केली. धार त्याच्या टकलावर पडली, मानेवर पडली, सयाजीच्या त्या मानेवर, टी-शर्टात शिरली. "आहाहा," तो म्हणाला. "लई बरं वाटलं बगा. ऊन लागत व्हतं. आजून वता." आणि मी ओतलं. दुसरं काय करणार? तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिले, आणि तो डोळे मिटून, तोंड वर करून हसत बसला होता. अगदी तीच मान, तेच मिटलेले डोळे, चोळीच्या जागी टी-शर्ट, आणि त्यातून काहीच निघालं नाही. पाण्यात अपमान नसतोच, तो आधीपासून अंगात मुरलेला लागतो. त्याच्या अंगात तो कधी कोणी घातलाच नव्हता. शेवटचा थेंब पडल्यावर तो पंचाने डोकं पुसायला लागला तेव्हा मी म्हटलं, "मी जानकाबाईची प्रज्ञा. तुमच्या रानात हरळी काढायला यायची ती जानकाबाई. तू बांधावर उभा राहून तिला पाणी ओतायचास. असाच. उंचावरून, मुद्दाम, हसत." "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते मला कळलं नाही. त्यालाही कळलं नाही.

त्याने पंचा डोक्यावर तसाच धरला आणि आठवायचा प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला, ते मी त्याच्या कपाळावर बघितलं. "न्हाई वो ताई," शेवटी म्हणाला. "आसंल. लहानपनी मानूस काय काय करतं, कुटं ध्यानात ऱ्हातं? पन जानकाबाई ठावं हायती. आय लई नाव काढायची. म्हनायची, जानकाबाईच्या हाताखालनं हरळी परत उगवत न्हाई." मग एकदम ओट्याकडे वळला. "ह्याच का त्या? मावशी, वळखलंच न्हाई वो." आईने तांदळातून मान वर केली. "मी वळखलं व्हतं," ती म्हणाली. "तवाच. मान बापाची हाय तुझी." मग सुपाने भिंतीकडे खूण केली. "त्या नळाखाली लव्हाळ्याच्या गाठी ठिवल्यास की रं. खुरपं वरच्या वर चालवतूस. तुझ्या बापानं आसलं काम चालवून घ्येतलं नसतं." तो खजील झाला. माझ्या सत्तेचाळीस वर्षांनी जे झालं नाही ते आईच्या एका वाक्याने झालं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "आता काढतो मावशी," तो म्हणाला आणि नळाखाली जाऊन बसला. नंतर त्याने बी वाळूत कालवलं, आधी उभं फेकलं, मग आडवं, दाताळ्याच्या पाठीने हलकेच दाबलं, ओली गोणपाटं पसरली. दिवसातून चारदा झारीने पाणी द्या, पाय ठेवू नका, आठ-दहा दिवसांत केसांसारखे कोंब दिसतील, असं सांगितलं आणि टेम्पो चालू करून, हात जोडून, हॉर्न वाजवून गेला. रिकामा तांब्या पायरीवर होता. मला तो उचलून भिंतीवर आपटावासा वाटला. माणसाला मारता येतं, जाळता येतं, तुरुंगात घालता येतं, पण ज्याला आठवत नाही त्याला काय करता येतं?

चारच्या सुमाराला बाहेर आले तर आई ओट्यावर नव्हती. नळाशी, भिंतीच्या कडेला जिथं बी टाकलं नव्हतं तिथं पोतं अंथरून खुरपं घेऊन बसली होती. डॉक्टरांनी तिला खाली बसायला मनाई केली आहे. "आई, ऊठ," मी म्हटलं. "ह्या बग," तिने मातीतून लव्हाळ्याची काळी गाठ काढून दाखवली, "शेंगदाण्यावानी. येक ऱ्हायली तर तुझं सगळं पेरल्यालं खाईल." मी शेजारी बसले, खुरपं नव्हतं म्हणून बोटांनीच उकरायला लागले. मग ती खाली बघतच म्हणाली, "लई वर धरला व्हतास तांब्या." मी म्हटलं, "त्यानेही धरला होता." "व्हय. धरला व्हता." "तुला राग नाही येत?" "येत न्हाई कशानं? तवा बी आला व्हता. त्या साळूचं हसनं आजून कानात हाय माज्या. पन तान लागली व्हती मला. सकाळधरनं हरळी उपसत व्हते." तिने आणखी एक गाठ काढली, पदरात टाकली. "त्या पोराचा राग गेला. पोरगंच त्ये. रोज कुनी ना कुनी वतायचंच. तुझा न्हाई गेला." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माझा?" "मी पीत व्हते आन तू माझ्याकडं बगत व्हतीस. त्याच्याकडं न्हाई. माझ्याकडं. आन मंग तोंड फिरवलंस. जशी काय मीच काय तरी घान खाते." खुरपं थांबलं होतं तिचं. "घरी आल्यावर बापाला सांगितलंस, मी न्हाई प्याले. त्यानं पाठ थोपटली तुझी. मी भाकरी थापत व्हते. मला कुनी इचारलं न्हाई, का प्यालीस म्हनून."

माझ्या आठवणीत मी त्या बांधाशी ताठ उभी होते, सगळ्या वाडीत एकटी ताठ, आणि त्या ताठपणावर मी शाळा केली, नोकरी केली, हे घर बांधलं. आईच्या आठवणीतही मी तिथंच उभी होते. मी सत्तेचाळीस वर्षं तिचा अपमान करणाऱ्या माणसाला शोधत होते, आणि ही बाई तितकीच वर्षं तसल्याच माणसाबरोबर, माझ्याबरोबर, जेवत, झोपत, माझ्या पोरीला न्हाऊ घालत राहिली होती. नखांत माती गेलेली बोटं मी बघितली, माझी. मग मी म्हटलं, "आई, मला पाणी ओत." तिने वळून बघितलं. "घरात भांडी हायती की." "हात मातीचे आहेत," मी म्हटलं. तिचेही मातीचेच होते. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पायरीवरचा तांब्या घेतला, नळाखाली धरून भरला. मी उकिडवी बसले, गुडघे कुरकुरले, ओंजळ तोंडाशी नेली. तिने तांब्या अगदी खाली आणला, माझ्या बोटांना त्याचा गार काठ लागला. पाणी आलं आणि तसंच खाली गेलं, मनगटावरून, कोपरावरून, पातळावर. ओठांपर्यंत जेमतेम घोटभर पोचलं. मी कधी ही ओंजळ धरलीच नव्हती. "बोटं मिटव," आई म्हणाली, "सगळं सांडतंय," आणि पुन्हा ओतायला लागली.